टपाला झोळ आहे

सोफा आणायला गेलेल्या दोघी जावा मोटार घेऊन घरी आल्या, ही गोष्ट त्या गल्लीत अजून सांगतात आणि दर वेळी चुकीची सांगतात. कुणी म्हणतं, त्यांना कुणीतरी गंडवलं. कुणी म्हणतं, धाकटीने हट्ट धरला आणि थोरली बिचारी भिडेला बळी पडली. अहो, कसली भीड! पैसे थोरलीच्या पर्समध्ये होते, पर्स थोरलीच्या काखेत होती आणि ती उघडली तीही थोरलीनेच. धाकटी तर नको नको म्हणत होती. म्हणजे तोंडाने म्हणत होती.

झालं होतं असं. घरात माणसं चार. दोघे सख्खे भाऊ आणि त्यांच्या दोघी बायका. थोरली घरीच शिवायची. पडदे, गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे. पुढच्या खोलीचा अर्धा भाग तिच्या मशीनने अडवलेला आणि उरलेला अर्धा दुसऱ्यांच्या पडद्यांनी. धाकटी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर प्लास्टरचे जबडे आणि गुलाबी हिरड्या यांच्यात बसून संध्याकाळी घरी यायची आणि कोण कसा चावतो याच्या नकला करून दाखवायची. थोरली हसून हसून मशीनवर डोकं टेकायची. या दोघी एकमेकींशी पहिली काही वर्षं धड बोलतसुद्धा नव्हत्या, हे आता कुणाला सांगून पटणार नाही. डब्यांची झाकणं कोण हरवतं यावरून घरात शीतयुद्ध चालू होतं. मग एकदा एका नातेवाइकाच्या शोकसभेत वक्त्याची कवळी बोलता बोलता सटकली. ती धाकटीच्याच लॅबमधली होती. धाकटी हळूच पुटपुटली, "आमच्याकडचीच आहे," आणि दोघींना असं काही हसू फुटलं की तोंडात पदर कोंबून बाहेर पळावं लागलं. त्या दिवसापासून झाकणं कोण हरवतं हे कुणी विचारलं नाही.

आणि आता धाकट्या भाऊजींची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची, बदली झाली होती. ते लिफ्टच्या कंपनीत. दुसऱ्या गावी बढती मिळाली, पुढे गेले, भाड्याचं घर घेतलं आणि रोज फोन करून "कधी येतेस?" विचारायला लागले. धाकटीलाही तिकडच्या एका लॅबने बोलावलं होतं. महिनाअखेर निघायचं ठरलं.

थोरली यावर काय म्हणाली? "बरं झालं हो, बढती मिळाली," एवढंच. मग आत जाऊन तिने एका पडद्याला वर आणि खाली, दोन्हीकडे रिंगा लावल्या. गिऱ्हाइकाने तो परत आणला तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तिचे यजमान, म्हणजे थोरले, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होते. माणूस सरळ, पण कुठे काय बोलावं याचा पोच नाही. ते म्हणाले, "धाकट्यांची खोली रिकामी होईल. तिथे छान सोफा टाकू. मी कधीपासून म्हणतोय." थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. पण सोफ्याचे पैसे खरंच साठवलेले होते, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. ती तणतणत उठली, पर्स उचलली आणि धाकटीला म्हणाली, "चल गं. आणूनच टाकू यांचा सोफा."

सोफ्याच्या दुकानाच्या वाटेवर एक नर्सरी होती. झाडांची. तिथे कुंपणाला लागून एक मोटार उभी होती. उभी कसली, बसलीच होती. लांबलचक नाक, दोनच सीट, वर टप नाही. सीटांवर टोमॅटोच्या रोपांचे ट्रे, पाय ठेवायच्या जागी मातीच्या पिशव्या आणि स्टिअरिंगवर कसलासा वेल चढलेला. रंग कोणे एके काळी लाल असावा. नाकावरचं कंपनीचं चिन्हसुद्धा कुणीतरी उपटून नेलं होतं.

धाकटी जागच्या जागी थबकली. तिच्या वडिलांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. ज्या वयात मुली भातुकली खेळतात त्या वयात ही वॉशर मोजायची. तिने विचारलं न सवरलं, थेट बॉनेट उघडलं आणि कंबरेपर्यंत आत गेली.

नर्सरीवाला धावत आला. "ताई, ती विकायची नाही. म्हणजे आहे. पण मोटार म्हणून नाही. रोपं ठेवायला घेतलीय मी. छप्पर नाही ना, ऊन छान लागतं."

"इंजिन फिरतंय!" आतून धाकटीचा आवाज आला. "वहिनी, हाताने फिरतंय! जाम नाही झालेलं!" ती बाहेर आली तेव्हा नाकाला काळं, केसांत कोळ्याचं जाळं आणि चेहरा असा खुललेला की आठ वर्षांच्या पोरीलाही लाज वाटावी. तिने मडगार्डवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिला नीट उभी केल्याशिवाय मला तर बाई इथून हलवणारच नाही."

माणसं असं बोलून जातात. त्याचा कुणी अर्थ लावत बसत नाही. पण थोरलीने ते वाक्य वरच्या वर झेललं. हलवणार नाही म्हणाली. नीट होईपर्यंत.

"केवढ्याला देणार?" थोरलीने विचारलं.

"अहो वहिनी, काहीतरीच काय! सोफा आणायचाय," धाकटी म्हणाली, पण तिचा हात मडगार्डवरच होता.

नर्सरीवाल्याने आकडा सांगितला. थोरलीने पडद्याच्या कापडासाठी घासाघीस करावी तशी केली. दोनदा निघून गेल्यासारखं केलं, एकदा खरंच रस्त्यापर्यंत गेली आणि शेवटी सोफ्याच्या पैशांत मोटार, वर दोन जास्वंदीच्या कुंड्या आणि त्याच्याच टेंपोने ओढून घरपोच, असा सौदा करून मोकळी झाली. उरलेल्या पैशांत गाडी उभी करायची होती. उरले होते ते न सांगितलेलेच बरे.

घरी थोरले दारातच घडीच्या खुर्चीवर वाट बघत बसले होते. टेंपो बघून उठले. "सोफा कुठाय?"

"हा काय," थोरली टेंपोच्या मागे बोट दाखवत म्हणाली. "दोन जणांचा आहे."

थोरल्यांनी मोटारीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि पुन्हा घडीच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची पुढे फार दिवस त्यांच्या नशिबी राहिली, बिचारे!

गाडीचं नाव गल्लीनेच ठेवलं. नटवी. येता-जाता लोक विचारायचे, "काय म्हणते नटवी?" आणि नाक मुरडून पुढे जायचे. मुरडू देत. या दोघींना नाकं बघायला वेळ कुठे होता! धाकटी कामावरून आली की कपडे बदलून गाडीखाली. थोरली मशीन बंद करून गाडीत. मातीच्या पिशव्या काढल्या तेव्हा कळलं की गाडीला खालून तळच नाही. जमीन दिसत होती. धाकटीने भंगारातून जुन्या फ्रिजचं दार आणलं, कापलं आणि ठोकून बसवलं. त्यावर अंड्यांच्या खळग्यांची खूण राहून गेली होती. थोरली म्हणाली, "राहू दे. पाय घसरणार नाहीत."

एका बाबतीत मात्र धाकटी ऐकेना. ब्रेक. "ब्रेकला काटकसर नाही, वहिनी. बाकी सगळं जुगाड करू, पण थांबायच्या वेळी गाडी थांबलीच पाहिजे." उरलेल्या पैशांचा मोठा भाग गॅरेजवाल्याने ब्रेकच्या नावाखाली नेला आणि मग खरी मजा सुरू झाली. कारण आता हातात काय उरलं? धाकटीच्या लॅबमधला टाकाऊ माल आणि थोरलीच्या कपाटातले तुकडे.

स्टिअरिंगला जागोजागी भेगा होत्या. धाकटीने कवळीचा मसाला कालवला, भेगांत भरला आणि घासून असा गुळगुळीत केला की बोटाला सांधा लागेना. फक्त मसाला हिरडीच्या रंगाचा होता. काळं स्टिअरिंग आणि त्यावर गुलाबी हिरड्या! गिअरचा गोळा हरवला होता, तोही तसाच ओतला. गुलाबी. डॅशबोर्डवरची बटणं गेली होती, म्हणून तिने दाताच्या रंगाच्या मसाल्याची सहा बटणं केली. सवयच ती हाताची! बटण करता करता तिने त्याला दाताचा आकार कधी दिला, तिचं तिलाच कळलं नाही. बसवल्यावर दोघी दूर होऊन बघायला लागल्या. डॅशबोर्ड हसत होता. समोरचे सहा दात दाखवून, अगदी मनापासून. थोरली जी खाली बसली ती फतकल मारूनच. "अगं, वायपर कुठल्या दाताने चालू होतो?" "सुळ्याने!" धाकटी कशीबशी म्हणाली आणि तीही खाली बसली. थोरले काय झालं म्हणून बघायला आले, त्यांनी डॅशबोर्ड बघितला आणि तसेच आत गेले. आतून बराच वेळ त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. खोकला कसला, हसतच होते.

सीटा थोरलीने उकलल्या. आत उंदरांनी संसार थाटला होता. नवा फोम घातला, वर कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पडद्यांचं उरलेलं मोठ्या फुलांचं कापड. नटवी आता खरंच नटवी दिसायला लागली. मग एक दिवस धाकटीने कार्बोरेटर धुऊन-पुसून बसवला, प्लग घासले आणि किल्ली फिरवली. गाडी खाकरली, शिंकली, थोरल्यांच्या वाळत घातलेल्या शर्टावर काळा ढग सोडला आणि चालू झाली! दोघी गाडीभोवती नाचल्या. थोरलीला नाचताना मध्येच आठवलं की आता एकच काम उरलंय, टप. आणि टप तिच्या हातात आहे.

इथून पुढे जे झालं ते थोरलीने कुणाला सांगितलं नव्हतं. मी सांगतो.

टपाच्या लोखंडी कमानी शाबूत होत्या. त्यावर घालायचं रेक्झिन थोरलीने आणलं. रेक्झिनचं काम ती एरवी घेत नसे. त्याच्या वासाने तिचं डोकं उठायचं. पण मापं घेतली, कापलं, शिवलं, चढवलं. मागच्या काचेपाशी जरा झोळ राहिला. कापड सैल पडून पोट सुटतं ना, तसा. थोरली म्हणाली, "टपाला झोळ आहे. उसवून परत घालते." त्यात काही लबाडी नव्हती. झोळ होताच. धाकटीने नवऱ्याला फोन करून सांगितलं, टप राहिलाय, महिनाअखेर जमणार नाही, पुढच्या आठवड्यात येते.

पुढच्या आठवड्यात! थोरलीला ते ऐकून असं वाटलं, की कुणीतरी हातावर खाऊ ठेवला.

दुसऱ्यांदा टप चढवला तो छान बसला. अगदी चापूनचोपून. थोरली त्याच्याभोवती एक फेरी मारून आली, ओठ चावला आणि म्हणाली, "अजून झोळ आहे."

"कुठाय?" धाकटीने विचारलं.

"तुला नाही दिसायचा. आमच्या धंद्यातला आहे."

तिसऱ्यांदाही झोळ होता. चौथ्यांदाही. धाकटी लॅबमध्ये गेली की थोरली शिवण उसवायच्या ब्लेडने टाके सोडवायची, सवयीने शिवणीवर नखाने दोन वेळा घासायची आणि संध्याकाळी तोंड पाडून सांगायची, "जमेना गं." तिला स्वतःची लाज वाटत होती, वाटत नव्हती असं नाही. तिकडे भाऊजी एकटे उकडलेली अंडी खाऊन दिवस काढत होते. फोनवर त्यांचा आवाजसुद्धा अंडी खाल्ल्यासारखा येत होता. पण संध्याकाळी धाकटी दारातून ओरडायची, "वहिनी, आज एकाचा वरचा जबडा दुसऱ्याच्या खालच्याला लावला!" आणि थोरली म्हणायची, जाऊ दे, अजून एक आठवडा. काय होतंय एका आठवड्याने?

शेवटी धाकटीच म्हणाली, "असू दे झोळ. पाण्याची परीक्षा घेऊ. गळला नाही म्हणजे झालं."

पाण्याची परीक्षा म्हटल्यावर थोरले घडीच्या खुर्चीवरून उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या खात्याचं काम निघालं होतं. त्यांनी नळाला लांब पाइप लावला, बाह्या सरसावल्या. दोघी आत बसल्या, काचा वर केल्या. टपावर पाणी तडतडायला लागलं.

"एक थेंब नाही!" धाकटी ओरडली. "वहिनी, एक थेंब..."

थोरलीच्या कानात बारीकशी धार आली. मग धाकटीच्या मानेवर एक. मग शिवणीच्या कडेकडेने, ओळीने, शेकडो. बारीक, सरळ, एकसारख्या अंतरावरच्या. आंघोळीचा फवाराच जणू! थोरलीने मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला. अहो, कापड असतं तर उसवल्यावर नखाने घासलं की भोकं मिटतात, धागे परत जवळ येतात. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. रेक्झिनला धागे कुठले? त्याला एकदा सुई टोचली की भोक कायमचं. हे एखाद्या चपला शिवणाऱ्यानेही सांगितलं असतं. पण पडदेवालीला ते कुणी सांगायचं?

धाकटीने हात वर केला. केसाएवढा उंचवटाही ज्या बोटाला कळतो, ते तिचं बोट शिवणीवरून हळूहळू फिरलं. "शिवण इथे आहे," ती म्हणाली. "ही भोकं तिच्या बाहेर आहेत. ही त्यांच्याही बाहेर. आणि ही अजून एक ओळ." ती वळली. तिच्या नाकावरून पाणी गळत होतं. "इतक्या वेळा उसवलंत?"

"टपाला झोळ होता ना," थोरली खाली बघत म्हणाली.

"झोळ आहे, वहिनी. पण टपात नाही."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. थोरलीला वाटलं रडू येतंय, पण आलं हसू. इतकं हसू, इतकं हसू, की हसता हसताच त्याचं रडं झालं आणि कुठे झालं ते तिलाही कळलं नाही.

"मला तू जायला नको आहेस," ती म्हणाली. "बास. सांगून टाकलं. तुझ्या खोलीत सोफा नको, काही नको. तू गेलीस तर मी संध्याकाळी कुणाशी बोलू? यांच्याशी? हे नळाच्या दाबाबद्दल बोलतात!"

"मग बोलायचं की आधी!" धाकटीचाही आवाज फुटला. "मला वाटलं, तुम्हाला खोली मोकळी हवीय. सोफा आणायला कसल्या उत्साहाने निघाला होतात!"

"उत्साह? अगं, रागाने निघाले होते मी!"

"मला काय माहीत! तुमचा राग आणि उत्साह सारखाच दिसतो!"

बाहेरून थोरल्यांनी काचेवर टकटक केली. "गळतंय का? पाणी बंद करू?"

"चालू ठेवा!" दोघी एकदम ओरडल्या. बाहेर आल्यावर तोंडं ओली का, याला काहीतरी कारण नको?

पण बोलल्याने बदली थोडीच रद्द होते? थोड्या वेळाने दोघी नाकं पुसून बसल्या आणि धाकटी म्हणाली, "जावं तर लागेलच, वहिनी. तो तिकडे एकटा आहे." थोरली म्हणाली, "लागेलच. अंडी खाऊन खाऊन त्याला तुरा फुटायचा." रात्र जाऊ दिली आणि सकाळी थोरलीने नवं रेक्झिन आणलं. एका बैठकीत टप शिवला. एकदाही उसवला नाही. पाण्याच्या परीक्षेत थेंब आला नाही आणि थोरल्यांनी पाइप गुंडाळता गुंडाळता शेरा दिला, "उत्तम."

आता काही काम उरलं नव्हतं. धाकटीने बॅग काढली. बॅगेत दोन साड्या ठेवल्या आणि परत बाहेर आली.

"माझ्या तिकडच्या घराला गाडी लावायला जागा नाही," ती म्हणाली. "नटवी इथेच राहणार. आणि इथे चालवणार कोण? थोरले भाऊजी सायकलवरून पडतात. उभी राहून पुन्हा गंजेल आणि कुणीतरी हिच्यात पुन्हा टोमॅटो लावेल. तुम्ही शिका. तुम्हाला लायसन्स मिळालं, की मी गेले."

"मी? अगं, मला रस्ता ओलांडायची भीती वाटते!"

"म्हणूनच तर," धाकटी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "वर्षभर तरी लागेल."

थोरलीला सगळं समजलं. या वेळी टाके सोडवायची पाळी दुसरीची होती. तिने मान डोलावली आणि गुलाबी गिअरचा गोळा मुठीत धरला.

पहिले काही दिवस काय सांगावं! नटवी सशासारख्या उड्या मारत गल्लीतून गेली. भाजीवाल्याने गाडी बघून अख्खी हातगाडी फुटपाथवर चढवली. थोरली भीतीने डोळे मिटायची आणि धाकटी ओरडायची, "उघडा! उघडा!" तर शेजाऱ्यांना वाटायचं टप उघडायला सांगतेय. दोघी एवढ्या हसायच्या की गाडी बंद पडली तरी कुणाला कळायचं नाही.

आणि मग एके दिवशी थोरलीच्या पायाला काहीतरी उमजलं. हे तर मशीनचं पायडल! पाय हळूच दाबला की सुई हळू, जरा दाबला की जोरात, वळणावर सैल सोडायचा, कोपऱ्यावर थांबायचं. अर्धं आयुष्य तिने हेच केलं होतं. त्या दिवशी नटवी गल्लीतून लोण्यासारखी गेली, वळली, परत आली आणि दाराशी अलगद उभी राहिली.

"छान," धाकटी म्हणाली. पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "रिव्हर्सला मात्र अजून झोळ आहे हां, वहिनी."

थोरलीने तिच्याकडे बघितलं. दोघींनाही ठाऊक होतं.

लायसन्सच्या परीक्षेला टप उघडून गेल्या. परीक्षक जाडजूड, घामाघूम माणूस होता. तो धाकटीच्या जागेवर फुलाफुलांच्या सीटवर बसला आणि त्याची नजर डॅशबोर्डवर गेली. "हे काय आहे?"

"दात," थोरली म्हणाली.

त्याने आणखी काही विचारलं नाही. वळणं झाली, रिव्हर्स झाला, दोन खांबांच्या मधून गाडी काढून झाली. उरला चढ. मैदानाच्या टोकाला मातीचा उंचवटा होता. त्याच्या मध्यावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा वर काढायची. बहुतेक जण तिथेच नापास होत. थोरलीने चढावर गाडी थांबवली. कुंपणापलीकडे धाकटी उभी होती. ओढणी दोन्ही हातांत पिळत होती.

थोरलीला कळत होतं, काय करायचं ते. काहीच करायचं नव्हतं. क्लचवरचा डावा पाय पटकन उचलायचा. गाडी आचका देऊन बंद पडेल, परीक्षक मान हलवेल, पुढची तारीख देईल. आणि धाकटी संध्याकाळी दारातून ओरडत येईल, उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात. कुणी काही म्हणणार नाही. धाकटी तर मुळीच नाही. पाय तिचा स्वतःचा होता आणि या वेळी मागे कुठलीही भोकं राहणार नव्हती.

ती तशीच थांबली. इतकी, की परीक्षकाने तिच्याकडे बघितलं. "बाई, जमत नसेल तर सांगा."

थोरलीच्या डोळ्यांसमोर भाऊजी आले. भाड्याच्या घरात, एकाच भांड्यात अंडं उकडणारे. रोज तोच प्रश्न विचारणारे. त्यांच्या जागी आपण असतो तर, एवढंच तिच्या मनात आलं.

"जमतंय," ती म्हणाली. डावा पाय हळू वर, उजवा हळू खाली. नटवी क्षणभर थरथरली आणि एक इंचही मागे न जाता चढ चढून गेली.

परीक्षकाने कागदावर सही केली आणि दातांकडे शेवटचं बघून तो उतरला. थोरली गाडी कुंपणापाशी घेऊन आली. इंजिन बंद केलं. धाकटी धावत आली, पण जवळ येऊन तिला काही विचारवेना.

"पास झाले," थोरली म्हणाली. "जा आता."

धाकटी दार उघडून शेजारी बसली. थोरलीच्या हातावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"एकदा तरी नापास व्हायचं होतं, वहिनी," ती म्हणाली.